हात न टेकता

ता. ९ जानेवारी

प्रिय बारके,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. तुझ्या नातीचा नंबर आला हे वाचून बरं वाटलं, तिला माझ्याकडून एक पापा दे. इथे थंडी आहे पण सोसवते. सगळे ठीक आहेत. ठीक आहेत असं निदान दिसतं तरी.

फोन कर म्हणतेस. तुझा एक कान कधीचाच रजेवर गेलाय, म्हणजे मला ओरडावं लागणार, आणि या घरात ओरडून बोलावं असं सध्या काही नाही. पत्रच बरं. टपालपेटी कोपऱ्यावर आहे. मुलगा नि सून कामावर गेली की मी स्वतः जिना उतरून पत्र टाकून येते. हे तुझ्यापाशीच ठेव. का, ते आता सांगते.

सूनबाई मला खायला घालतेय.

हसू नकोस. रोज सकाळी एक उकडलेलं अंडं, दुपारी वाटीभर दही आणि मूठभर शेंगदाणे. संपवलं की नाही ते ती वाटी वाकडी करून बघते. आणि आठवड्यातून दोनदा एक बाई येते. तरुण आहे, केस मुलासारखे कापलेले, पायात पांढरे बूट. मी तिला उठाबशी बाई म्हणते, तोंडावर नाही. ती मला खुर्चीतून उठवते नि बसवते, ओट्याला धरून टाचा वर करायला लावते, दाराच्या कडीला रबराचा पट्टा बांधून ओढायला सांगते. "आजी, या वयात स्नायू झिजतात. वापरले नाहीत तर आणखी लवकर झिजतात. पण कामाला लावले तर सत्तरीनंतरही परत येतात." असं म्हणते. येत असतील. माझा प्रश्न वेगळाच आहे. ते परत यावेत म्हणून इतरांना एवढी घाई का?

तुला ठाऊक आहे, मी उभा जन्म मोज्यांच्या कारखान्याच्या गेटवर बायकांच्या पिशव्या तपासल्या. एक गोष्ट तिथे शिकले. जी बाई न विचारता पिशवी उघडून दाखवते, तिच्या कमरेला मोजे असतात. सूनबाई हल्ली न विचारता सांगते. "आई, हे सगळं तुमच्या भल्यासाठी आहे हं." मी विचारलं होतं का?

शिवाय मागच्या रविवारी दोघं बाहेर गेली. कुठे म्हटलं, तर पडदे बघायला. दुपारभर पडदे बघितले आणि हात हलवत परत आली. त्याचं तोंड उतरलेलं, तिचं चढलेलं. पडद्यांवरून इतकं कोणी भांडत नाही.

आता वरच्या मजल्यावरचे हेडमास्तर. तू आली होतीस तेव्हा जिन्यात भेटले होते बघ, तुला 'या या' म्हणाले होते. त्यांच्याकडेही हीच बाई, हाच पट्टा. पावसाळ्यात पट्टा आला आणि थंडी पडायच्या आत हेडमास्तर गेले. वारले नाहीत, वृद्धाश्रमात गेले. लिफ्टमध्ये एक बाई दुसरीला सांगत होती, तिथे म्हणे चालती-फिरती माणसंच घेतात, अंथरुणाला खिळलेलं कोण पत्करणार! मला तेव्हाच सूत मिळालं. आधी तयार करायचं, मग पाठवायचं. दाखल होण्याइतकं बळ आलं की झालं.

पण मी काही कच्च्या गुरूची चेली नाही. बाईसमोर मी लुळी पडते. अर्धी उठते, कण्हते, बसते. ती गेली, घर रिकामं झालं की दार लावून तोच पट्टा बांधते आणि जोरात करते. परवा भरलेली बादली गॅलरीपर्यंत नेली, वाटेत एकदाही टेकवली नाही. मग लपूनछपून का करतेस असं विचारशील. असंच. वेळ जात नाही.

तू आली होतीस तेव्हा माझ्या दंडाला काय लागलं होतं, विचारलंस. दार लागलं. न्हाणीघराचा त्यात काही संबंध नाही. तो विषय पुन्हा काढू नकोस.

आणि एक खरं सांग. सूनबाईने तुला काही लिहिलं का? तुझ्या पत्रात 'खाणं नीट ठेव' असं दोनदा आलंय. तू जन्मात कधी माझ्या खाण्याची चौकशी केली नव्हतीस.

तुझी,
ताई


ता. ३ फेब्रुवारी

प्रिय बारके,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं. 'ताई, तू सुतावरून स्वर्ग गाठतेस' असं तू लिहितेस. अगं, सुतानेच माझं पोट भरलं. आणि सूनबाईशी तुझं काही बोलणं नाही अशी शपथ घेतलीस, ती मी मानते. शपथ कुणाची घेतलीस ते मात्र लिहिलं नाहीस.

तुला सगळं क्रमाने सांगते, कारण माझंच डोकं चालेनासं झालंय.

गेल्या रविवारी मुलाने बाईंना मुद्दाम बोलावलं. म्हणाला, "आईची किती प्रगती झाली ते मला डोळ्यांनी बघायचंय." सोफ्याच्या कडेला बसला, नेहमीसारखा टेकून नाही. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात उभी. बाई म्हणाली, "आजी, दोन्ही हात छातीवर घ्या. खुर्चीला हात टेकायचा नाही. नाक पुढे, वजन पायावर, आणि उठा."

बारके, मला ते येतं. दार लावून मी ते करते, आणि उठल्यावर आरशात बघून हसतेसुद्धा. पण मी ठरवलं होतं. सोंग घेतलं की ते वठवावं लागतं. मी अर्धी उठले आणि असा धपकन आवाज काढत बसले की बाईच दचकली.

"पुन्हा एकदा, आई," मुलगा म्हणाला.

पुन्हा केलं, आणखी वाईट. तिसऱ्यांदा तर उठलेच नाही, नुसती मान हलवली. आत सूनबाईच्या हातून झाकण पडलं. पडलं की आपटलं, देव जाणे. त्यानंतर ती माझ्याशी बोललीच नाही. ताट वाढलं आणि गेली. दही नव्हतं.

मी मनात म्हटलं, जिंकले. परीक्षेत नापास होऊन पास झालेली मीच पहिली.

दिवेलागणीला मुलगा खोलीत आला. पलंगाच्या पायथ्याशी बसला. थंडी कमी झाली म्हणाला. मी हो म्हटलं. माझ्या चादरीची सुरकुती सरळ करत बसला. लहानपणी खोटं बोलायचा तेव्हा असंच काहीतरी सरळ करत बसायचा, पण या वेळी तो खोटं बोलत नव्हता.

"आई, एक जागा बघितली आहे. स्वच्छ आहे. सोबतीला कायम माणूस असतं, बाथरूममध्ये धरायला दांडे आहेत. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. तुला साधं खुर्चीतून उठता येत नाहीये. एकटी असताना पडलीस तर? पुढच्या महिन्यात तिथे एक खोली रिकामी होतेय."

मी म्हटलं, "पण तिथे तर धडधाकट माणसंच घेतात ना?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुला कोण म्हणालं? ज्यांना उठता येत नाही त्यांच्यासाठीच ती जागा आहे."

माझ्या पायावर धोंडा मीच आणून घातला, तोही नेम धरून. किंवा यातही काही डाव असेल. तो मला पारखत असेल. तुला काय वाटतं? मला या घरातून जायचं नाही, बारके. हे मी तुला एकदा स्पष्ट लिहून टाकते. ही खोली, ही खिडकी, सकाळी त्या दोघांची डबे शोधायची गडबड, यातून मला जायचं नाही.

अक्षर नीट नाही, सांभाळून घे.

तुझी,
ताई


ता. २४ फेब्रुवारी

प्रिय बारके,

आशीर्वाद. तुझं पत्र आलं, त्याबद्दल शेवटी लिहीन. आधी माझं ऐक, आणि वाचताना मध्येच 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणू नकोस.

मागचं पत्र टाकून आले ती तशीच वर गेले, हेडमास्तरांकडे. दोन जिने, मध्ये एकदाच थांबले. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी आडवळणाने विचारणार होते, पण धाप लागली होती, त्यामुळे सरळच विचारलं की हेडमास्तरांना तिकडे का पाठवलं. ती रागावली नाही. म्हणाली, आजारातून उठले तेव्हा पायांत काही उरलंच नव्हतं. व्यायामाची बाई लावली ती त्यांना तिकडे पाठवावं लागू नये म्हणून. उशीर झाला. "एकदा मोरीत बसले ते उठेनात. मला उचलता येईना हो. माझ्याच डोळ्यांसमोर, आणि मला उचलता येईना." लिफ्टमधल्या बायकांचं तिला सांगितलं तर म्हणाली, त्यांना काय माहीत.

म्हणजे मी सगळं उलटं जुळवलं होतं. पट्टा पाठवायला आला नव्हता, थांबवायला आला होता.

संध्याकाळी सूनबाई आली. मुलगा यायचा होता. मी स्वयंपाकघरात गेले. ती पाठमोरी भाजी चिरत होती.

"आई, तुम्ही त्या दिवशी मुद्दाम पडलात," ती म्हणाली. माझ्याकडे वळलीसुद्धा नाही.

मी म्हटलं, "तुला कोणी सांगितलं?"

"बादली गॅलरीत होती. मी सकाळी न्हाणीत भरून ठेवली होती. ती काय चालत गेली? आणि खालचा वॉचमन मला विचारतो, आजी जिना उतरून कोणाला पत्र टाकतात." मग तिने सुरी खाली ठेवली. "पण न्हाणीत पडलात ते मुद्दाम नव्हतं."

बारके, आता तुला सांगते. तुला खोटं लिहिलं होतं. दार वगैरे काही लागलं नव्हतं.

पावसाळा संपत आला होता. अंघोळ करून उठायला गेले आणि पाय सरकला. टॉवेलची दांडी धरली, तर ती भिंतीतून उखडून हातात आली. मी फरशीवर. लागलं दंडाला, पण ते काही नाही. मला उठता येईना. हाड मोडलं नव्हतं, चक्कर आली नव्हती, काही दुखतही नव्हतं तसं. नुसत्या मांड्या ऐकत नव्हत्या. मी त्यांना म्हणत होते उठा, आणि त्या दुसऱ्या कुणाच्या असल्यासारख्या पडल्या होत्या. ओली, उघडी, बादलीचं बूड बघत मी किती वेळ पडून होते ते मला सांगता येणार नाही. मुलगा त्या दिवशी घरीच होता, बाहेर पेपर वाचत. मी हाक मारली नाही. सरपटत उंबऱ्यापर्यंत गेले, पाटावर कोपर टेकून कशीबशी वर आले. दांडी परत भोकात खुपसली, वर टॉवेल टाकला आणि केस विंचरून बाहेर आले.

वाटलं, झाकली मूठ.

सूनबाई म्हणाली, "दुसऱ्या दिवशी दांडी माझ्या हातात आली. भिंतीचा पोपडा बादलीमागे होता, आणि तुम्ही लांब बाह्यांचा ब्लाऊज घातला होता. मी सुतार बोलावला. यांना सांगितलं, माझ्याच हातून निघाली."

"मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही का नाही सांगितलंत? विचारलं असतं तर दार लागलं म्हणाला असतात. यांनी विचारलं तेव्हा म्हणालातच."

"आणि ते पडदे?"

"पडदे कसले! जागा बघायला गेलो होतो. हेडमास्तर गेले तेव्हापासून यांनी मनात घेतलंय, आई एकदा जरी पडली तरी मी धोका पत्करणार नाही. मी म्हटलं, आधी बाई लावू, मग बघू. भांडून घेतली मी ती बाई. अंडी काय मला उकडायची हौस आहे?" आणि मग ती कांद्याची सालं गोळा करायला लागली. "त्या खुर्चीत तुम्ही धपकन बसलात ना, तेव्हा मला वाटलं, मी हरले."

जन्मभर दुसऱ्यांच्या कमरेला काय आहे ते मी ओळखलं, आणि घरातली एक बाई माझ्यासाठी केव्हापासून लपवतेय ते मला दिसलं नाही. मला तिचा हात धरावासा वाटला. धरलाही. कांद्याचा होता.

आता मुलाला पटवायचं होतं. मला वाटलं सोपं आहे. तो आला, मी त्याच्यासमोर खुर्ची ठेवली, हात छातीवर घेतले आणि उठले. पुन्हा बसले, पुन्हा उठले.

तो म्हणाला, "आई, ओढाताण करू नकोस. मला बरं वाटावं म्हणून कशाला?"

"अरे, त्या दिवशी मी नाटक केलं होतं."

"आणि आज नाही, कशावरून?"

माझाच मुलगा शोभतो. दुधाने तोंड पोळलं होतं त्याचं, आणि दूध मीच पाजलं होतं. पुढे म्हणाला, शनिवारपर्यंत त्या लोकांना हो म्हणायचंय, खोली दुसऱ्याला जाईल.

मग मी ते बोलले. सूनबाईने डोळे मिटून घेतले, तरी बोलले. "मी न्हाणीत पडले होते. पावसाळ्याच्या शेवटी. मला उठता आलं नव्हतं."

तो ताडकन उभा राहिला. तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला कळलं, आता याने नुसतं 'बघ, मी म्हणत होतो' म्हटलं की संपलं. म्हणून त्याला बोलू दिलं नाही. म्हटलं, "तेव्हा येत नव्हतं. आता येतं. तिथेच थांब, जवळ यायचं नाही." आणि मी दिवाणखान्याच्या फरशीवर जाऊन आडवी झाले. अगदी पाठीवर.

खालून घर फार उंच दिसतं. एक क्षण मला पुन्हा तेच झालं. तीच गार फरशी, तेच पाय. खुर्चीचं मी केलं होतं, पण फरशीवरून उठायचं धाडस दार लावूनही कधी केलं नव्हतं. मला भीती वाटली, बारके. खूप वाटली.

कुशीवर वळले. कोपरावर आले. मग गुडघे आणि तळवे, रांगत्या पोरासारखी. रांगत खुर्चीपर्यंत गेले, बैठकीवर हात ठेवले, उजवा पाय पुढे घेतला आणि जोर लावला. गुडघा सरकला. मी परत खाली. मुलाच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला आणि तो पुढे झाला. सूनबाईने त्याचं मनगट धरलं. "थांबा," ती म्हणाली. "थांबा म्हणतेय ना."

पुन्हा पाय पुढे घेतला. या वेळी आधी श्वास घेतला. मांडी थरथरत होती, पण ती माझी होती, माझं ऐकत होती. उठले. आधार खुर्चीचा घेतला, माणसाचा नाही.

मग मुलगा म्हणाला, "मी घरात होतो ना तेव्हा? मग हाक का नाही मारलीस?"

"तू ऐकशील म्हणून," मी म्हटलं.

तो माझ्या त्या खुर्चीत बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. एवढा मोठा झालाय, टक्कल पडलंय, आणि रडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिले. उभी राहू शकत होते म्हणून.

शनिवारी कामावर जाण्याआधी त्याने माझ्यासमोर फोन केला. "सध्या नको," म्हणाला. तो 'सध्या' माझ्या कानात अडकलाय, त्यावर माझं लक्ष आहे. न्हाणीत आता चांगल्या जाड दांड्या बसवल्या, दाराची आतली कडी काढून टाकली. बाई आता मला फरशीवरूनच उठवते, आणि दही परत सुरू झालंय. व्यायामात लबाडी केली की बाईला कळतं, आणि ती सूनबाईला सांगते. दोघी सामील आहेत. असू देत.

आता तुझं पत्र.

अक्षर तुझ्या नातीचं आहे. आजीचं बोट कापलं म्हणून मी लिहिते, असं तिने लिहिलंय. पण खाली सही तुझी आहे, आणि कापलेल्या बोटाची सही इतकी वळणदार येत नाही. पुढे ती लिहिते, आजी दिवसभर खिडकीतून रस्ता बघते, तिची छान करमणूक होते. जिचं बूड उभ्या जन्मात एका जागी टेकलं नाही, ती दिवसभर रस्ता बघते?

बारके, कुठे पडलीस?

मला उत्तर लिहू नकोस, कारण तू खोटं लिहिशील. ते माझं करून झालंय. मी शुक्रवारच्या बसने येतेय. बसची पायरी उंच असते ते मला माहीत आहे, मी ती चढणार आहे. मुलगा सोडायला येतो म्हणतोय, तर खालीच उभा राहा म्हणून सांगितलंय. पट्टा पिशवीत घातला आहे. काही मोडलेलं नाही ना, एवढं तोवर डॉक्टरला दाखवून घे. नसेल मोडलं, तर मी दार वाजवेन तेव्हा नातीला पाठवायचं नाही. तू उठायचं, आणि तू उघडायचं.

सावकाश ये. कितीही वेळ लागू दे. मी बाहेर उभी आहे.

तुझी,
ताई